जँगोचं मेनी टू मेनी, कळमन्याच्या संत्र्यावर वापरून पाहिलेलं

पहिले रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार कुठे कापला तेही सांगतो पण त्याआधी हे काय आहे ते बघू, कारण नागपुरात आयटी पार्कच्या भागात बसणारे कितीतरी जण जँगो रोज वापरून राहिले आणि मॉडेलमध्ये (ज्या पायथन क्लासवरून डेटाबेसचं टेबल बनतं त्यात) मेनी टू मेनी फील्डची एक ओळ टाकून पुढे जातात, त्या ओळीमागे डेटाबेसमध्ये काय उभं राहिलं ते कोणी उघडून बघत नाही. बघायला पाहिजे राव, तिथेच सगळा खेळ आहे.

जँगो म्हणजे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात बनलं आणि २००५ मध्ये ओपन सोर्स झालं. फुकट आहे, बीएसडी लायसन्स आहे, कमर्शियल कामाला बिनधास्त वापरा. मी हा रिव्ह्यू अख्ख्या जँगोचा लिहीत नाहीये, फक्त त्यातल्या मेनी टू मेनीचा आणि त्याच्या जॉइन टेबलचा, म्हणजे नातं जोडणाऱ्या मधल्या टेबलचा लिहितोय, कारण माझ्या मते वेब ॲपचा डेटाबेस चांगला की वाईट हे इथेच ठरतं.

आता ज्या कामावर हे वापरलं ते सांगतो. काटोल-नरखेडकडची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिचे सभासद म्हणजे संत्रा बागायतदार, माल नागपूरच्या कळमना मार्केटला येतो. एक बागायतदार एकाच अडत्याकडे (कमिशनवर माल विकून देणाऱ्याकडे) माल टाकतो असं अजिबात नसतं, भाव बघून, ओळख बघून, उचल म्हणजे आगाऊ पैसे कोणी दिले ते बघून दोन-तीन ठिकाणी टाकतो. आणि एका अडत्याकडे तर शंभर गावांचा माल. म्हणजे दोन्ही बाजूंनी अनेक. यालाच मेनी टू मेनी म्हणतात, आणि रिलेशनल डेटाबेसमध्ये हे दोन टेबलांत मावतच नाही, मध्ये तिसरं लागतं ज्यात प्रत्येक ओळीत एक बागायतदार आणि एक अडत्या, बस. बागायतदारांच्या टेबलात अडत्या नाही, अडत्यांच्या टेबलात बागायतदार नाही, नातं पूर्णपणे मधल्या टेबलात.

आमच्या आधी ज्यांनी हे सॉफ्टवेअर केलं होतं त्यांनी हे तिसरं टेबल बनवलंच नव्हतं. बागायतदाराच्या टेबलात एकच टेक्स्ट कॉलम आणि त्यात अडत्यांचे आयडी स्वल्पविराम देऊन लिहिलेले, १,११,२१ असे. मग अडत्या नंबर १ चे बागायतदार शोधायला लाइक (मजकुराचा तुकडा जुळवणारी अट) लावून सर्च, की ११ वाले आणि २१ वाले पण यादीत हजर. अडत्या डिलीट केला तरी त्याचा नंबर त्या कॉलममध्ये तसाच पडून, कारण फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा, डेटाबेसने सांभाळलेला कॉलम) नाही तर डेटाबेस अडवेल कशाला. कंपनीचे हिशोब बघणारे काका मला म्हणाले, "भाऊ, ह्या यादीत आमच्या गावचा माणूस त्या गाळ्यावर दाखवून राहिला, तो तर तिथं कधी गेलाच नाही." काकांना डेटाबेस माहीत नाही पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

तर जँगोमध्ये काय होतं. तुम्ही बागायतदार मॉडेलमध्ये अडत्याकडे मेनी टू मेनी फील्ड लिहिलं की मायग्रेशन (डेटाबेसचा आराखडा बदलणारी फाइल) चालवल्यावर तिसरं टेबल आपोआप बनतं, त्यात स्वतःचा आयडी, बागायतदाराचा आयडी, अडत्याचा आयडी, दोन्हींवर फॉरेन की, शोध पटकन लागावा म्हणून दोन्हींवर इंडेक्स आणि जोडीवर युनिक, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट. हे सगळं फुकटात. पोस्टग्रेस डेटाबेसवर हाताने टेबल बनवाल तर फॉरेन की दिली म्हणून त्या कॉलमवर इंडेक्स आपोआप येत नाही, कितीतरी जणांना हे माहीत नसतं आणि मग डिलीट करताना, जॉइन करताना ॲप रांगत चालतं. जँगो ते स्वतःहून टाकतं. ॲड केलं तर जोडी जोडली जाते, तीच जोडी परत ॲड केली तर डबल होत नाही. दोन्ही बाजूंनी विचारता येतं, ह्या बागायतदाराचे अडत्ये कोण आणि ह्या अडत्याचे बागायतदार कोण. एवढ्या भागाला मी पाचपैकी पाच देतो, खरंच छान केलंय.

पण हे सगळं तेव्हाच पुरतं जेव्हा नात्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काहीच नसतं. लेखाला टॅग, फोटोला टॅग, असं. माणसांच्या व्यवहारात असं नातं फार कमी सापडतं. बागायतदार आणि अडत्या यांच्यात नातं आहे म्हटलं की लगेच प्रश्न येतो कधीपासून, उचल किती दिली, अडत किती टक्के ठरली, खातं चालू आहे की बंद. ही उचल कुठे लिहिणार? बागायतदारावर लिहिता येत नाही कारण त्याने दोघांकडून घेतली. अडत्यावर लिहिता येत नाही कारण त्याने शंभर जणांना दिली. ती त्या जोडीची आहे, म्हणून जोडीच्या ओळीतच पाहिजे. आणि आपोआप बनलेल्या टेबलात तुम्हाला एकही कॉलम वाढवता येत नाही.

यासाठी जँगोत थ्रू आहे. म्हणजे मधलं टेबल तुम्ही स्वतः मॉडेल म्हणून लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि मेनी टू मेनी फील्डला सांगायचं की ह्याच्यातून जा. माझं ठाम मत आहे, आणि ह्या रिव्ह्यूमधून एकच गोष्ट घेऊन जायची तर ही घ्या, की खऱ्या धंद्याचं ॲप असेल तर पहिल्या दिवसापासून थ्रू मॉडेल लिहा, आज त्यात दोन फॉरेन की सोडून काही नसलं तरी लिहा. आणि त्याला बागायतदारअडत्या असं जोडनाव देऊ नका, मार्केटमध्ये त्या गोष्टीला जे म्हणतात तेच द्या. आम्ही दिलं खातं. कळमन्यात कोणालाही विचारा, अमक्याचं तमक्याकडे खातं आहे असंच बोलतात. त्या टेबलला आधीपासून नाव होतं, आपण फक्त ऐकायचं होतं.

थ्रू घेतल्यावर एक गोष्ट मात्र हातून निसटते आणि हे डॉक्युमेंटेशन वाचताना पटकन डोळ्यात भरत नाही. आपोआप टेबलावर जोडीचं युनिक फुकट मिळत होतं, तुमच्या स्वतःच्या थ्रू मॉडेलवर ते मिळत नाही, मॉडेलच्या मेटा भागात युनिक कन्स्ट्रेंट तुम्हालाच लिहावं लागतं. नाही लिहिलं तर एकाच बागायतदाराचं एकाच अडत्याकडे दोनदा खातं निघतं, अर्धी उचल इकडे अर्धी तिकडे, आणि स्क्रीनवर दोन्ही खरी दिसतात.

पण युनिक डोळे मिटून पण लावायचं नाही. आधी विचारायचं की ही जोडी परत येऊ शकते का. खात्याची जोडी एकदाच येते, तिथे युनिक पाहिजेच. पण आवक, म्हणजे मार्केटला आलेला माल? तोच बागायतदार त्याच अडत्याकडे आंबिया बहाराचा माल घेऊन अनेकदा येतो आणि पुढे मृग बहाराचा पण घेऊन येतो (संत्र्याचे हे दोन हंगाम), प्रत्येक वेळी वेगळं वजन, वेगळा भाव, वेगळी पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद. आता कोणी आवक हेच मधलं टेबल केलं आणि त्यावर जोडीचं युनिक लावलं तर दुसरी गाडी आली की डेटाबेस एरर देणार. आणि युनिक काढलं तर उचल कुठल्या आवकेवर लिहायची? म्हणून दोन टेबलं. खातं हे जोडीचं, युनिकवालं, आणि आवक हे खात्याला फॉरेन की देणारं, एका खात्याच्या कितीही आवका. हे एकदा असं मांडलं की पट्टी काढायचं काम एकदम सरळ होतं, आवकेतून वजन आणि भाव, खात्यातून अडतीचा टक्का आणि उचल, हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. काकांनी जुन्या कागदी पट्टीशेजारी स्क्रीन धरून एक एक आकडा ताडला, पट्टीवर जे जे छापलेलं असतं त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या टेबलच्या एकाच कॉलमात होता किंवा त्यावरून काढता येत होता. मॉडेल बरोबर आहे की नाही तपासायला याच्यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही, धंद्यातला जो कागद रोज हातात येतो तो घ्या आणि त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या टेबलात बसतो ते शोधा.

२०१९ मध्ये जँगो २.२ आलं तोपर्यंत स्वतःचं थ्रू असलं की ॲड, क्रिएट, सेट हे वापरताच येत नव्हते, आता थ्रू डिफॉल्ट्स (मधल्या टेबलच्या जास्तीच्या कॉलमांत काय भरायचं ते) देऊन वापरता येतात. सोय चांगली आहे पण मी खात्यासाठी ते वापरत नाही आणि तुम्हालाही सांगतो की पैसे असलेल्या टेबलावर वापरू नका. कारण एक, ॲड आतून बल्क क्रिएट करतं, म्हणजे ओळी एकगठ्ठा थेट डेटाबेसात टाकतं, त्यामुळे तुमच्या खातं मॉडेलच्या सेव्हमध्ये तुम्ही काही तपासणी लिहिली असेल तर ती चालतच नाही. कारण दोन, सेट म्हणजे ही नवी यादी घे आणि यादीत जो नाही त्याला काढ. फॉर्मवर अडत्यांचे चेकबॉक्स दाखवले आणि ऑपरेटरने एक टिक चुकून काढून सेव्ह दाबलं की त्या अडत्याची खात्याची ओळ उचलीसकट गेली, एक शब्द न विचारता. सेटला क्लिअर ट्रू दिलं तर अजून वाईट, सगळ्या ओळी उडवून नव्याने बनवतं, जुनी माहिती सगळी साफ. रिमूव्हचं पण तसंच, जोडीवर युनिक नसेल तर रिमूव्ह त्या जोडीच्या सगळ्याच्या सगळ्या ओळी काढतं, एक नाही.

यावर उपाय जँगोमध्येच आहे आणि चांगला आहे. आवकेपासून खात्याकडे जी फॉरेन की आहे तिला ऑन डिलीट प्रोटेक्ट द्या. मग ज्या खात्यावर एक जरी आवक आहे ते खातं जँगोच्या कोणत्याही रस्त्याने डिलीट करायला गेलं तरी जँगो प्रोटेक्टेड एरर फेकतं. आणि खातं बंद करायचं असेल तर बंद तारीख नावाचा कॉलम ठेवा, ओळ काढायची नाही. हिशोबाच्या वहीतलं पान कोणी फाडतं का.

आता क्वेरीकडे येऊ कारण जॉइन टेबलचा खरा त्रास लिहिताना नाही, वाचताना होतो. आम्हाला यादी पाहिजे होती की मृग बहारात अमुक अडत्याकडे माल टाकलेले बागायतदार कोण. जँगोमध्ये ही यादी दोन पद्धतीने लिहिता येते आणि दोन्ही दिसायला सारख्याच वाटतात. एकाच फिल्टरमध्ये बहार आणि अडत्या दोन्ही अटी दिल्या तर दोन्ही अटी एकाच आवकेच्या ओळीला लागतात. फिल्टरला फिल्टर जोडून दोन वेळा लिहिलं तर जँगो दोन वेगळे जॉइन करतं, म्हणजे कुठलीतरी एक आवक मृगाची पाहिजे आणि कुठलीतरी, भले आंबियाची का असेना, त्या अडत्याकडची पाहिजे. मग ज्याने आंबियात ह्या अडत्याकडे आणि मृगात भलत्याकडेच माल टाकला तो पण यादीत येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, यादी फक्त चुकीची. साध्या फॉरेन कीवर पुढे जाताना हा फरक पडत नाही, जिथे पलीकडे अनेक ओळी आहेत तिथेच पडतो, म्हणून मेनी टू मेनीवाल्याने हे पाठच करावं. आणि एक्सक्लूडमध्ये (अटीत बसणाऱ्यांना वगळणाऱ्या फिल्टरमध्ये) तर एकाच कंसात दोन अटी दिल्या तरी त्या एकाच ओळीला लागतील याची खात्री नाही, तिथे आतली क्वेरी आधी वेगळी काढून तिच्यावर एक्सक्लूड लावायचं.

दुसरी अशीच जागा म्हणजे बेरजा. समजा एका बागायतदाराची तीन खाती आहेत आणि चार बागा. तुम्ही एकाच क्वेरीत ॲनोटेट करून (प्रत्येक ओळीला मोजलेला आकडा जोडून) खाती मोजली आणि बागाही मोजल्या तर दोन्हीकडे बारा येतात, कारण जॉइनने तीनाला चाराने गुणलं. काउंटला डिस्टिंक्ट (तीच गोष्ट एकदाच धर) दिलं की तीन आणि चार नीट येतात. पण उचलीची बेरीज करत असाल तर डिस्टिंक्टने काम होत नाही, तिन्ही खात्यांची उचल मिळून साठ हजार असेल तर स्क्रीनवर दोन लाख चाळीस हजार दिसेल, आणि डिस्टिंक्ट लावून दोन खात्यांची उचल सारखीच वीस वीस हजार असेल तर ती एकदाच धरली जाईल. तिथे सबक्वेरीच, म्हणजे क्वेरीच्या आतली वेगळी क्वेरी लिहायची, दुसरा मार्ग शोधत बसू नका. डॉक्युमेंटेशनमध्ये ही सूचना आहे, पण पैशाच्या ॲपमध्ये हे किती भारी पडतं ते तिथल्या पुस्तकांच्या दुकानाच्या उदाहरणावरून जाणवत नाही.

स्पीडचं थोडक्यात सांगतो. पाचशे बागायतदारांची यादी आणि प्रत्येकासमोर त्याच्या अडत्यांची नावं, हे टेम्पलेटमध्ये साधा लूप लावून केलं तर एक क्वेरी यादीची आणि पाचशे अडत्यांच्या. प्रीफेच रिलेटेड (सगळ्यांचे अडत्ये एकदमच आणून ठेवणं) लावलं की दोन. हे जँगो १.४ पासून आहे. थ्रू मॉडेलवरची उचल पण दाखवायची असेल तर खाती प्रीफेच करा आणि त्या प्रीफेचच्या आत अडत्याला सिलेक्ट रिलेटेड (त्याच क्वेरीत जॉइनने आणणं) लावा, तरी दोनच. फक्त लूपच्या आत जाऊन परत फिल्टर मारू नका, तो प्रीफेच वाया जातो आणि परत डेटाबेसला फेऱ्या सुरू होतात, फिल्टर करायचं ते प्रीफेच ऑब्जेक्टमध्येच आधी करून घ्या. इंडेक्सचं एवढंच की युनिक कन्स्ट्रेंटमध्ये बागायतदार पहिला आणि अडत्या दुसरा असेल तर बागायतदारावरून शोधायला तोच इंडेक्स चालतो, अडत्यावरून शोधायला नीट चालत नाही, त्यासाठी अडत्याचा वेगळा लागतो जो जँगो फॉरेन कीबरोबर देतंच.

आता कापलेला स्टार. समजा तुमच्या आधीच्या माणसाने साधं मेनी टू मेनी फील्ड टाकलंय, डेटा भरलाय, आणि आता क्लायंट म्हणतो उचल पण लिहायची आहे. तुम्ही थ्रू मॉडेल लिहिता, फील्डला थ्रू देता, मायग्रेशन बनतं सुद्धा, आणि चालवायला गेलं की जँगो सांगतं हे फील्ड बदलता येत नाही, मेनी टू मेनीला थ्रू लावणं किंवा काढणं चालत नाही. एवढी कॉमन गरज आणि तिलाच रस्ता बंद. रस्ता आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये मायग्रेशन लिहिण्याच्या पानावर दिलेला आहे, पण वळणाचा आहे. सेपरेट डेटाबेस अँड स्टेट नावाचं ऑपरेशन वापरायचं, डेटाबेसच्या बाजूला जुन्या आपोआप टेबलचं फक्त नाव बदलायचं, आणि स्टेटच्या (जँगोच्या स्वतःच्या नोंदीच्या) बाजूला जँगोला सांगायचं की हे मॉडेल नवीन बनलं आणि फील्डला थ्रू लागलं. डेटा जागचा हलत नाही. त्यानंतर वेगळ्या मायग्रेशनमध्ये उचलीचा कॉलम वाढवायचा. नाव बदलायच्या एसक्यूएलला उलटं एसक्यूएलही द्या म्हणजे मागे जाता येतं, आणि आधी बॅकअपवर चालवून ओळींची संख्या जुळवा. काम होतं, पण नवीन पोराला हे झेपत नाही, तो फील्ड काढून नव्याने टाकतो आणि सगळ्या जोड्या उडवून मोकळा होतो. फ्रेमवर्कनेच हे करून द्यायला पाहिजे होतं, किमान एररमध्ये त्या पानाचा पत्ता तरी द्यायचा.

दुसऱ्यांशी तुलना कराल तर रेल्समध्ये (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) सुद्धा दोन रस्ते आहेत, एक हॅज अँड बिलाँग्ज टू मेनी ज्यात मधल्या टेबलला मॉडेलच नसतं आणि दुसरा हॅज मेनी थ्रू. त्यांचं गाइड स्वतःच सांगतं की मधल्या नात्यावर व्हॅलिडेशन, कॉलबॅक किंवा जास्तीचे कॉलम पाहिजे असतील तर थ्रू घ्या, हा सल्ला मला एकदम पटतो. लारावेलमध्ये (पीएचपीतलं फ्रेमवर्क) मधल्या टेबलला पिव्हट म्हणतात, त्यातले जास्तीचे कॉलम विथ पिव्हटमध्ये नाव घेऊन मागावे लागतात. नागपुरात लारावेलवर काम करणारे भरपूर आहेत, त्यांना जँगोचं थ्रू शिकायला अर्धा दिवस पण लागणार नाही, विचार सगळीकडे तोच आहे.

जँगो ५.२ पासून कंपोझिट प्रायमरी की आली आहे, म्हणजे मधल्या टेबलला वेगळा आयडी न देता बागायतदार आणि अडत्या ही जोडीच की करता येते. पुस्तकात शिकवतात तसं. आमच्या कामाला मी ती घेतली नाही, कारण अशा मॉडेलकडे फॉरेन की करता येत नाही आणि आमची आवक तर खात्याकडेच बोट दाखवते, शिवाय असं मॉडेल ॲडमिनमध्ये (डेटा बघायला-भरायला जँगो जी तयार पानं देतं त्यात) रजिस्टरही होत नाही. ज्या जोडीला पुढे कोणी विचारणार नाही तिथे खुशाल घ्या.

आणि ॲडमिनमुळे तर जँगो घेतलं, ते सोडून कसं चालेल. साध्या मेनी टू मेनीला ॲडमिनमध्ये फिल्टर हॉरिझॉन्टल लिहिलं की दोन खोक्यांचा सुंदर विजेट मिळतो, डावीकडून उजवीकडे नावं ढकलायची. थ्रू घेतलं की तो मिळत नाही, इनलाइन वापरावं लागतं, बागायतदाराच्या पानाखालीच त्याची खाती ओळीओळीने दिसतात आणि उचल तिथेच भरता येते. काकांना हे जास्त आवडलं कारण वहीचं पान असंच असतं. फक्त इनलाइनमध्ये अडत्याचा ड्रॉपडाउन तसाच ठेवू नका, प्रत्येक ओळीसाठी सगळी यादी लोड होते आणि पान उघडता उघडत नाही. ऑटोकम्प्लीट फील्ड्समध्ये अडत्या लिहा, अडत्याच्या ॲडमिन क्लासमध्ये सर्च फील्ड्स द्या, ते नाही दिलं तर जँगोचं चेकच पुढे जाऊ देत नाही, आणि सर्चमध्ये नावाबरोबर गाळा नंबरही टाका, कारण मार्केटमधली माणसं अडत्याला गाळ्यावरूनच शोधतात.